हाडांना वेळ आहे

४ मार्च

लॉटरी! दुसरा शब्दच नाही.

टाचणीच्या मनगटाचा एक्स-रे आला. कागदावर पोरगी नऊ पूर्ण, आणि हाडं म्हणतायत साडेसहा! एक्स-रेवाल्या बाईंनी पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिलं, पुन्हा ताडून पाहिलं, आणि मलाच विचारतात, "जन्मतारीख चुकली नाही ना?" म्हटलं, बाई, ही जन्मली तेव्हा दवाखान्याच्या दाराशी मी उभी होते. बाप घाबरून चहाच्या टपरीवर जाऊन बसला होता. तारीख मला विचारा.

जिम्नॅस्टिक्स असोसिएशनचा यंदाचा नवा नियम — वय कागदावरून नाही, मनगटावरून. सगळ्या कोच लोकांनी मिळून इतके खोटे दाखले आणले, की शेवटी त्यांनी कंटाळून हाडंच मागितली. आता बसलेत रडत. पलीकडच्या क्लबचा तो शिट्टी — गळ्यात चोवीस तास शिट्टी, झोपताना तरी काढतो की नाही देव जाणे — त्याच्या निम्म्या पोरी वरच्या गटात ढकलल्या गेल्या. तोंड असं झालंय! आणि माझी भाची चालली खाली. आठच्या आतल्या गटात. डोकं नऊ वर्षांचं, सराव पाच वर्षांचा, आणि समोर कोण, तर दुधाचे दात पडलेली बाळं. कापून काढेल एकेकीला.

आणि मी कणभरही खोटं केलेलं नाही. हाडं बोलली, मी ऐकलं.

स्पर्धा ६ एप्रिलला.

५ मार्च

दादाकडे सांगायला गेले. दादा खूश. मान डोलावून डोलावून खूश. त्याला नियम कळला नाही, पण बहीण हसतेय म्हणजे काहीतरी चांगलं असणार, इतकं कळतं त्याला.

वहिनीच्या कपाळावर मात्र आठी. "पण ताई, हाडं मागे का असतील?" औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहते, गोळ्यांची पाकिटं कापून देते, म्हणून स्वतःला अर्धी डॉक्टर समजते. म्हटलं, वहिनी, काही पोरं उशिरा वाढतात. तुम्हाला काय हवंय, बांबू?

मला विचारा बांबू म्हणजे काय. बारा वर्षांची होते. एका वर्षात वीतभर वाढले. कुल्ले आले, वजन आलं, बीमच्या चार बोटं रुंद पट्टीवर उभी राहिले की खाली पोरी हसायच्या. संपलं माझं. कुणी मारलं नाही, पडले नाही, काही नाही — नुसती वाढले! तेव्हापासून वाढणारी पोर दिसली की मला तिचा राग येतो. टाचणीची हाडं झोपलीयत ना? झोपू देत. कुणी उठवू नका.

टाचणी मधेच म्हणाली, "आत्या, मनगटाला कसं कळतं मी किती वर्षांची आहे? मी तर त्याला सांगितलं नाही." दादा खो खो हसला. वहिनी हसली नाही.

९ मार्च

आडवा स्प्लिट जात नाहीये डाव्या बाजूला. दिवाळखोरी! हीच पोरगी लोण्यासारखी जमिनीला टेकायची. आता डावा पाय अर्ध्यावर अडतो, जणू आत कुणी दार लावून घेतलंय.

पाठीवर गुडघा ठेवून दाबलं. माझं सगळं वजन टाकलं. टाचणी सहसा बडबड करते — दाबत असतानासुद्धा शाळेतल्या गोष्टी सांगते. आज गप्प. खाली मॅट चावत होती. उठली तेव्हा मॅटवर दातांचे ठसे. नवी मॅट आहे, अक्कल नाही.

११ मार्च

"गुडघा दुखतो." आज दिवसभर हेच. गुडघा, गुडघा, गुडघा. डोकं उठवलं.

१४ मार्च

घेऊन गेले. गुडघ्याचा एक्स-रे काढून आणला, खिडकीशी धरून तिलाच दाखवला. म्हटलं, बघ. आहे काही? भेग? खड्डा? आरशासारखा स्वच्छ आहे गुडघा. आता बोल.

ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "मग मला खोटं खोटं दुखतंय का?"

"हो," म्हटलं. "खोटं खोटं."

पट्टी बांधून दिली. त्यानंतर तक्रार बंद. बघा, रोग कळला की औषध सोपं असतं.

१८ मार्च

वहिनी अचानक सरावाच्या हॉलवर टपकली. दुकानातून लवकर सुटली म्हणे. टाचणी पाणी प्यायला कोपऱ्यात गेली, आणि वहिनीची नजर तिच्या पायावर. "ताई, ही लंगडतेय."

"नवे बूट चावलेत," मी म्हटलं. तोंडातून आपोआप आलं.

"ती अनवाणी आहे."

मग काय! बूट सकाळी चावले, जखम आता दुखतेय, अशी सारवासारव. वहिनीने खाली बसून तिची टाच पाहिली, बोटं पाहिली. जखम कुठून सापडणार. माझ्याकडे वर बघितलं, आणि काही बोलली नाही. मला तिचं बोलणं सहन होतं, न बोलणं डोक्यात जातं.

१९ मार्च

टाचणीला बसवून समजावलं. हॉलमधलं हॉलमध्ये ठेवायचं. घरी नेलं की त्याचं वाटोळं होतं. दुखलं, खुपलं, मला सांग. आईला नाही. आई घाबरट आहे, तिला सहन होत नाही, ती रडेल. तुला आईला रडवायचंय?

"नाही."

"मग आईने विचारलं तर?"

विचार केला तिने. "तर हसायचं?"

इतकी हुशार पोर माझ्या भावाला कशी झाली, हे कोडंच आहे. आरशासमोर उभं करून हसायला लावलं. दात दिसतील, डोळे बारीक होणार नाहीत, हनुवटी वर. परीक्षकांसमोर तसंही हेच लागतं. एका दगडात दोन कामं.

चवड्यांवर चालायलाही शिकवलं. टाच टेकवली की लंगडणं दिसतं, चवड्यांवर नाचत गेलं की कुणाच्या बापाला कळत नाही. बीमपर्यंतची चाल अशीच ठेवायची. दिसतेही सुंदर.

२५ मार्च

वहिनीने परस्पर हाडांच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. दादाने सकाळी फोन करून बातमी फोडली, म्हणून मी पोचले तरी. मला बघून वहिनीचं तोंड आंबलं. बसले तिच्या शेजारीच, मांडीला मांडी लावून.

डॉक्टर तरुण आहे, बोलतो हळू. त्याने गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही! टाचणीला आडवं झोपवलं, पाय दुमडून बाहेर फिरवायला गेला. उजवा गेला. डावा अडला. तिथेच, जिथे मी दाबत होते. टाचणी त्याच्याकडे बघून हसत होती — दात, हनुवटी, सगळं बरोबर. तो म्हणाला, "दुखत असेल तर हसू नकोस गं." पोरीने माझ्याकडे बघितलं.

मग खुब्याचा एक्स-रे. दोन्ही बाजू शेजारी शेजारी. उजवीकडे मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, छान गोल. डावीकडचा बुटका, पांढुरका, वरून झिजल्यासारखा. डॉक्टरने सांगितलं ते असं — गोळ्याचा रक्तपुरवठा थांबलाय. मुलांना होतो असा आजार, का होतो ते नक्की कुणाला माहीत नाही. आतलं हाड मरतं, विरघळतं, मग हळूहळू नवं भरतं. दोनतीन वर्षं लागतात. तोवर गोळा ओल्या खडूसारखा मऊ असतो. दाबला तर चपटा, आणि चपटा झाला तर जन्मभर चपटा.

"पण दुखतो गुडघा ना," मी म्हटलं.

"दुखणं खुब्याचं, ओरडतो गुडघा. म्हणून लोक गुडघ्याचेच एक्स-रे काढत बसतात."

वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही. त्यापेक्षा बघितलं असतं तर बरं.

वहिनीच्या पिशवीत मनगटाचाही एक्स-रे होता. तो बघून डॉक्टर म्हणाला, "बरोबर. या मुलांची हाडं बरेचदा वयाच्या मागे असतात. आजाराचाच भाग आहे तो." म्हणजे माझी लॉटरी ती ही! त्या क्षणी मला कुणीतरी भर चौकात तोंडात मारल्यासारखं झालं. पण मग तो पुढे बोलला. "एका अर्थी ते बरंच आहे. नऊ वर्षांची म्हटल्यावर मी घाबरलो असतो, एवढ्या मोठ्या मुलांचा गोळा नीट भरत नाही. पण हाड साडेसहाचं आहे. वाढ शिल्लक आहे. हिच्या हाडांना वेळ आहे."

मग ते नेहमीचं. उड्या बंद, हॉल बंद, डाव्या पायावर भार नाही, कुबड्या, पुढच्या महिन्यात परत या, पायाला आधाराची ब्रेस लावू. वहिनी सगळं मान हलवून हलवून ऐकत होती.

मी एकच ऐकलं. हाडांना वेळ आहे.

२६ मार्च

विचार केला. थंड डोक्याने केला, उगाच कुणी म्हणायला नको.

गोळा भरायला वर्षं लागणार. वेळ आहे म्हणतो डॉक्टर. मग त्या वर्षांतला स्पर्धेचा वेळ किती? बीमवर दीड मिनिट! दीड मिनिटाने काय आभाळ कोसळतं? त्यानंतर घाला प्लास्टर, लावा ब्रेस, ठेवा कापसात गुंडाळून. मी स्वतः उचलून फिरवेन तिला.

आणि आजार बरा होईपर्यंत ती बारा वर्षांची होईल. तोवर हाडं जागी होतील, वाढतील. कोण विचारतं मग? मला माहीत आहे कोण विचारतं. कुणी नाही.

२९ मार्च

दादाला दुपारी त्याच्या ऑफिसखाली गाठला. वहिनीच्या माघारीच बोलावं लागतं त्याच्याशी, नाहीतर तो तिच्याच तोंडाकडे बघत राहतो.

म्हटलं, तूच विचार कर. डॉक्टर स्वतःच्या तोंडाने म्हणाला, वेळ आहे. तू नव्हतास तिथे, मी होते. पोरीने पाच वर्षं घाम गाळला, त्याचं काहीच नाही? पुढे अंथरुणात पडून राहील तेव्हा उशाशी ठेवायला काहीतरी लागेल की नाही?

हे उशाशीचं वाक्य त्याला लागलं. डोळ्यांत पाणी आलं बावळटाच्या. "एकदाच ना? मग सगळं तुझ्या वहिनीच्या मनासारखं?"

"तुझ्या गळ्याशपथ," म्हटलं.

भाऊ वितळायला किती वेळ लागतो ते मला लहानपणापासून माहीत आहे.

२ एप्रिल

६ तारखेला रविवार, वहिनीच्या दुकानात मालाची मोजणी, ती दिवसभर अडकलेली. दादा तिला सांगणार — टाचणीला हॉलवर पोशाख परत करायला नेतोय. टाचणीला विचारलं, करायचं का? कुबड्या भिंतीला लावून एका पायावर उड्या मारायला लागली! गप्प बस म्हटलं, ते दोन पायांवर करायचंय.

५ एप्रिल

नको असं वाटून गेलं संध्याकाळी. पोशाखाचं अस्तर शिवत बसले होते. किती लहान आहे तो पोशाख! माझ्या एका बाहीत मावेल.

गेलं ते वाटणं. चहा घेतला, बरं वाटलं.

६ एप्रिल

हलली नाही!

पहिली! पहिली आली टाचणी! 

आधीपासून लिहिते. दुखण्यावरची गोळी दिली होती सकाळी, वर अर्धी आणखी. मी तिला पाठुंगळी घेऊन आत गेले, सगळ्यांना वाटलं लाड चाललेत. शिट्टीला बघून जीभ काढून दाखवली तिने. हाताला लावायच्या पावडरच्या डब्यापासून बीमपर्यंत चवड्यांवर, फुलपाखरासारखी. एकाला संशय आला नाही. वर चढली आणि मग जे केलं ते मी लिहू शकत नाही, मला तेवढी भाषा येत नाही. कार्टव्हील, कमान, वळण, सगळं स्वच्छ. शेजारची ती बाळं तोंडं उघडी टाकून बघत होती. आणि शेवटची उडी, हवेत पूर्ण कोलांटी, आणि खाली दोन्ही पाय एकदम — धप्प! लँडिंगला पोरी एखादं पाऊल सरकतात, डुलतात. ही हलली नाही. खिळा ठोकल्यासारखी. हात वर, हनुवटी वर, हसली.

टाळ्या.

हात वरच. हसूही तसंच. परीक्षकांनी मान हलवली, हलवायची असते, म्हणजे आता जा. ही जाईना. लोकांना वाटलं, पोरगी टाळ्या घेतेय, आणखी वाजवल्या. मी पुढे गेले, दातओठ खात म्हटलं, "खाली घे हात, चल." हसू न मोडता म्हणाली, "आत्या, मला हलता येत नाहीये."

उचलली. उचलताना ओरडली नाही, माझ्या खांद्यात दात रुतवले. कडेवर घेऊनच तिला पदक घ्यायला चढवलं. सगळ्यांना फार गोड वाटलं ते. फोटो निघाले.

दादा गाडीशी उभा होता, आत यायची हिंमत नाही. पदक बघून पोरीला छातीशी धरायला गेला, आणि तेव्हा ती किंचाळली. एवढ्या छोट्या पोरीत एवढा आवाज असतो!

दमलीये. उद्यापर्यंत उतरेल.

७ एप्रिल

उतरलं नाही. वहिनीला सगळं कळलं. दादाने सांगितलं, म्हणजे दादाने रडत रडत सांगितलं.

१० एप्रिल

नवा एक्स-रे. मला काही सांगायची गरज नव्हती, दिसतच होतं. गोळा चपटा झालाय, आणि त्याची एक कड खुब्याच्या वाटीबाहेर सरकलीय. ऑपरेशन. मांडीचं हाड कापून, वळवून, पट्टी आणि स्क्रू. मग छातीपासून दोन्ही पायांपर्यंत प्लास्टर, पाय फाकवून मधे दांडा.

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणाला होतात, वेळ आहे."

डॉक्टर माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी परक्या भाषेत बोलले. मग सावकाश म्हणाला, "वेळ आहे म्हणजे थांबायला वेळ आहे. हाड भरेपर्यंत वाट बघायला वेळ आहे. तुम्हाला काय वाटलं?"

मला काय वाटलं! म्हटलं, "माणसांशी बोलताय तर नीट बोलायला शिका. अर्धवट बोलून पोरीचा पाय घालवलात."

वहिनीने खुर्ची मागे सारली आणि उठून बाहेर गेली. तिथे भिंतीला डोकं टेकून उभी होती. दादा तिच्यामागे न जाता माझ्याशेजारी बसून राहिला, हात मांडीत घालून. मूर्ख. तिच्यामागे जायला हवं होतं त्याने.

१६ एप्रिल

झालं ऑपरेशन. व्हरांड्यात बसू दिलं, आत नाही.

१७ एप्रिल

वहिनी दुकानात औषध आणायला गेली तेवढ्यात आत शिरले. प्लास्टरमध्ये नुसतं डोकं आणि हात दिसतात. गळ्यात पदक. म्हणाली, "आत्या, खाज येते तिथे बोट पोचत नाही." माझ्याकडे विणायची सुई होती पिशवीत, ती आत सारून खाजवून दिलं. डोळे मिटून पडून राहिली. "मी हलले नाही ना?"

"अजिबात नाही."

"शिट्टीने बघितलं?"

"त्याचं तोंड बघायला हवं होतंस."

हसली. हे हसू निराळं, डोळे बारीक करून. तेवढ्यात दारात वहिनी. हातातली पिशवी खाली ठेवली. इतकी वर्षं झाली लग्नाला, कधी "ताई, तुम्ही" सोडून बोलली नव्हती. आज म्हणाली, "तू उठ. तू माझ्या मुलीच्या अंगाला हात लावू नकोस. आणि परत माझ्या दारात दिसलीस तर बघ."

तू! मला! सुई पिशवीत टाकली आणि निघाले. खाली उतरायचं सोडून जिना वर चढले. रागाने. रागानेच.

२२ एप्रिल

दादा आला होता हॉलवर. आत नाही आला, पायरीवरूनच बोलला. "तू म्हणालीस वेळ आहे."

"डॉक्टर म्हणाला. आणि गाडी कुणी चालवली?" म्हटलं. "बायकोला खोटं कुणी सांगितलं? मी? माझ्या गळ्यात सगळं अडकवून तू सुटायला बघतोस?"

तो म्हणाला, "मी सुटत नाहीये. मी रोज तिचं बेडपॅन उचलतो." आणि गेला. पन्नाशीला आलेला माणूस, शर्टाची एक बाजू बाहेर लोंबत होती. हाक मारून सांगणार होते. नाही मारली.

५ मे

पदक परत मागितलं!

त्या शिट्टीनेच कळ लावली असणार. असोसिएशनचं म्हणणं — आजाराने मागे राहिलेलं हाड हे वय धरता येत नाही. पोरगी खऱ्या वयाच्या गटात हवी होती, निकाल रद्द. मी फोनवर इतकं बोलले की पलीकडच्याने रिसीव्हर बाजूला ठेवून दिला असावा, कारण नंतर चहाच्या कपांचा आवाज येत होता.

८ मे

पदक दादाने आणून दिलं, औषधाच्या दुकानाच्या कागदी पिशवीतून. टाचणी झोपली असताना गळ्यातून काढलं म्हणे. जागी झाल्यावर काय सांगितलं, विचारलं. "पॉलिशला दिलंय म्हणून सांगितलं."

शिकला माझा भाऊ.

३० मे

हॉलवर नव्या पोरी. एकीलाही कणा नाही. आज एकीला इतकं बोलले की तिची आई तिला मधूनच घेऊन गेली. जा! जाताना म्हणते, "म्हणूनच तुमच्या भाचीचं..." पुढचं ऐकायला मी थांबले नाही, पंखा मोठा केला.

२० जून

प्लास्टर निघालं, असं त्यांच्या शेजारणीकडून कळलं. डावा पाय अंगठाभर आखूड राहिलाय. चालायला शिकवतायत. मी तिला पहिल्यांदा चालायला शिकवलं होतं, दादाच्या स्वयंपाकघरात, ओट्याला धरून. तेव्हा वहिनी बाळंतपणाने खंगली होती, तिला उभं राहवत नव्हतं. हे आता कुणाला आठवतंय?

४ जुलै

मला तिची आठवण येते. लिहून टाकलं. आता पुढे.

१९ ऑगस्ट

बाजारात दिसल्या. टाचणी कुबड्यांवर, वहिनी शेजारी, तिच्या वेगाने चालत. मी भाजीवाल्याच्या हातगाडीमागे झाले — मी! लपले! पोरगी थोडी वाढलीय. चेहरा लांबट झालाय. हाडं जागी व्हायला लागली असतील. वहिनीने मला बघितलं आणि तिला घेऊन रस्ता ओलांडला. टाचणीने पलीकडून मागे वळून पाहिलं. एक कुबडी काखेत दाबून हात केला, गुपचूप, कमरेपाशी, आईला दिसणार नाही असा.

चालते कशी? वाईट. डाव्या बाजूला झुकते, प्रत्येक पावलाला. बीमवरची चाल कुणाला सांगितली तर हसतील.

मेलेलं बरं, असं एक क्षण वाटलं. ती नाही, मी. मग कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

२ सप्टेंबर

शिट्टी रस्त्यात भेटला, म्हणाला, "फार वाईट झालं हो." त्याला खरंच वाईट वाटत होतं, डोळ्यांत दिसलं. तेच सहन झालं नाही. "तुमच्या पोरींचे पाय सांभाळा," म्हणून निघाले.

१८ सप्टेंबर

दादाच्या जिन्यात बसून लिहितेय. दादाने फोन कापला. वहिनीने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. दार वाजवलं, आत टीव्ही मोठा केला. ओरडून सांगता येत नाही, टाचणी आतच आहे.

दुपारी शाळेच्या ऑफिसातून तिचा फोन आला होता. कुजबुजत बोलत होती.

"आत्या, आता उजवा गुडघा पण दुखतो. पण तू आईला नको सांगूस हं, मला परत प्लास्टर नको. मी कुणालाच नाही सांगितलं. तू कुणाला सांगत नाहीस ना, म्हणून फक्त तुला सांगितलं."